आधी कविता, मग कायदा

सकाळी सहा

घर जागं व्हायच्या आत एक पान लिहून हातावेगळं करायचं, हा माझा जुना नेम. सध्याची पानं बेहरामजी मलबारींची आहेत. दिवाळी अंकाच्या संपादकांनी लेख मागितलाय तो 'संमतिवयाच्या कायद्यामागचा पारशी' या विषयावर. मराठी वाचकाला मलबारी भेटतात ते तिथेच, टिळक-आगरकरांच्या वादात मध्येच शिरलेला एक परका माणूस म्हणून. 'यांना आमच्या धर्मात नाक खुपसायचं कारण काय?' हा तेव्हाचा प्रश्न अजूनही कुणी कुणी विचारतं. पण हा माणूस आधी कवी होता. तोही दोन भाषांतला, गुजराती आणि इंग्रजी. माझा लेख तिथून निघावा असा माझा हट्ट आहे, आणि संपादकांना तो अजून पटलेला नाही.

आजचं पान बालपणाचं. जन्म १८५३, बडोदा. वडील धनजीभाई मेहता गायकवाड सरकारात साधे कारकून. आई भिखीबाई लहानग्याला घेऊन सुरतेला आली. तिथे मेरवानजी नानाभाई मलबारी नावाच्या निपुत्रिक व्यापाऱ्याने मुलाला दत्तक घेतलं. मेरवानजी मलबार किनाऱ्याहून चंदन आणि मसाल्याचे पदार्थ आणून विकत, म्हणून ते आडनाव. केरळशी मलबारींचं नातं एवढंच. पुढे आई वारली, तेव्हा हा बाराएक वर्षांचा. शिकवण्या करून पोट भरणं आणि त्यातूनच मिशनच्या शाळेत शिकणं सुरू झालं.

या पानात मला थांबावंसं वाटतं ते सुरतेच्या रस्त्यावर. हा पोरगा ख्याली गायकांच्या नादी लागला होता. आपल्याकडच्या कलगी-तुऱ्याचाच तो उत्तरेकडे पसरलेला गोतावळा: डफावर सवाल-जवाब, दोन पक्ष, रात्र रात्र चढाओढ. त्याच शहरात कवी नर्मद जन्मला, आणि जुन्या कवी प्रेमानंदाची आख्यानं अजून लोकांच्या तोंडी होती. वर्गात इंग्रजी कविता आणि बाहेर ख्याल, अशी ही दुहेरी शाळा. गणित मात्र दोन्हीकडे नव्हतं. मॅट्रिकला त्याने पुन्हा पुन्हा अडवलं, आणि पास व्हायला १८७१ साल उजाडलं.

सव्वासात

कुकर, डबा, नळाचं पाणी. यावर लिहिण्यासारखं काही नाही.

आठ चाळीस

मुलुंडहून सीएसएमटीकडे. बसायला मिळालं तर वाचन, नाही तर नुसतं उभं राहून डोक्यात वाक्यं जुळवणं. आज बसायला मिळालं. फोनवर 'गुजरात अँड द गुजरातीज' उघडलं. हे पुस्तक १८८२चं, म्हणजे लेखक तिशीच्याही अलीकडे. सुरत, भडोच, बडोदा अशी भटकंती, आणि वाटेत भेटलेली माणसं: सावकार, वकील, वैद्य, भाट-बुवा. इंग्रजी चुरचुरीत आहे, कुठे कुठे जरा जास्तच. साहेबाला हसवण्यासाठी आपल्या माणसांची टोपी उडवतोय की काय, अशी शंका दोन-चार पानांनी येते. पण मग तो स्वतःचीच टोपी उडवतो आणि शंका फिटते.

माझं मत लिहूनच टाकते: मलबारींचं चांगलं इंग्रजी या गद्यात आहे. त्यांच्या इंग्रजी कवितेत ते नाही.

दादरला एवढी गर्दी घुसली की फोन पर्समध्ये गेला.

साडेदहा

फोर्टातलं नेहमीचं ग्रंथालय. ठरलेली खिडकीजवळची जागा, पंखा डोक्यावर नको म्हणून. जुन्या कागदाला वारा सोसत नाही. पान उलटताना वरचा कोपरा धरायचा नाही, हाताचा तळवा खाली सरकवायचा. शाईचं पेन बाहेर ठेवायचं, आत फक्त पेन्सिल.

आज 'नीतिविनोद'. मलबारींचा पहिला गुजराती संग्रह, १८७५चा. कवी बावीस वर्षांचा. सुरतेहून मुंबईला आल्यावर तो रेव्हरंड जॉन विल्सन यांच्याकडे कवितांची वही घेऊन गेला होता. विल्सन म्हणजे आपल्या विल्सन कॉलेजचे. ते मराठी जाणत तसेच गुजरातीही जाणत. त्यांनी वही वाचली, पाठीशी उभे राहिले, आणि संग्रह छापून आला. त्याच वर्षाअखेरीला विल्सन वारले. मलबारींनी तीन वर्षांनी 'विल्सनविरह' लिहिलं, तेही गुजरातीत. एका स्कॉटिश पाद्र्यासाठी एका पारशाने गुजरातीत विलाप करावा, हे मुंबईतच घडू शकतं. मुंबईची अशी तारीफ मी सहसा करत नाही.

गुजराती वाचायला मराठी माणसाला फार कष्ट नाहीत. डोक्यावरची रेघ गेली की डोळा पहिल्या दिवशी बावरतो, चौथ्या दिवशी सरावतो. जुन्या छपाईत त्रास होतो तो ऱ्हस्व-दीर्घाचा. गुजराती शुद्धलेखन एका वळणावर आलं ते १९२९मध्ये, गुजरात विद्यापीठाचा जोडणीकोश निघाल्यावर. त्याआधी जो तो आपल्या कानाप्रमाणे लिहीत असे. त्यामुळे डोळ्याने वाचून अडलं की ओठांनी पुटपुटायचं. ग्रंथालयात हे बरं दिसत नाही, पण इथले लोक आता मला ओळखतात.

या संग्रहातली एक गोष्ट पारशी वाचकांनाही तेव्हा चकित करून गेली असणार. पारशांची गुजराती वेगळी. फारसी शब्द, स्वतःचे उच्चार, स्वतःची ऐट. नाटक कंपन्यांनी ती लोकांपुढे आणली आणि पुढे तिची चेष्टाही केली. मलबारींनी ती बाजूला ठेवून हिंदू गुजराती कवींच्या वळणाची, शुद्ध म्हणतात तशी भाषा लिहिली. टीकाकारांनी त्याचं कौतुक केलं. हे कौतुक वाचून मला जरा खटकतं. घरची बोली सोडली म्हणून शाबासकी, हा काय न्याय? पण मलबारींच्या बाजूने एक बोलायला हवं: ज्या बायकांबद्दल त्यांना लिहायचं होतं त्यांच्या ओठी हीच गुजराती होती.

आणि त्या बायका या संग्रहात आहेत. नावाप्रमाणे नीतीची, उपदेशाची पुष्कळ पद्यं आहेत. ती मी भराभर उलटली, कारण उपदेश कुठल्याही भाषेत सारखाच जांभया आणतो. मग बालविधवेचा विलाप येतो आणि हात थांबतो. इथे कवी बाहेर उभा राहून हळहळत नाही. गाण्याची चाल बायकांची आहे, फेर धरताना म्हणायची, आणि त्या चालीत जे दुःख भरलंय ते फेरात पाऊल ठेवायलाही मनाई असलेल्या मुलीचं आहे. विधवेला तेव्हा गरब्यात जागा नव्हती. तिचं गाणं गरबीच्या ढंगात बांधणं हीच केवढी मोठी टीका! त्यासाठी कवीला एक शब्दही चढ्या आवाजात बोलावा लागत नाही.

माझ्या वहीत मी साल मोठ्या अक्षरात लिहिलं: १८७५. ज्या टिपणांनी मलबारी देशभर गाजले ती १८८४ची. मधे नऊ वर्षं.

एक वाजता

डबा. बाहेरच्या कट्ट्यावर. भेंडी.

दोन

'द इंडियन म्यूझ इन इंग्लिश गार्ब', १८७६. गुजराती संग्रहाला वर्ष होतंय न होतंय तोच इंग्रजी. ही घाई बोलकी आहे. त्या काळात मुंबईच्या कवीला दोन दरबार होते, आणि दोन्हीकडे वर्दी द्यावी लागे.

पुस्तक विलायतेत पोहोचलं. टेनिसन, मॅक्स म्युलर, फ्लॉरेन्स नाइटिंगेल अशा मंडळींनी दखल घेतली. पुढे १८९२मध्ये लंडनला मलबारींचं चरित्र निघालं, दयाराम गिडुमल यांनी लिहिलेलं, त्याला प्रस्तावना नाइटिंगेलबाईंची. कवितेने उघडलेली ओळख अशी सोळा वर्षं पुरली. मॅक्स म्युलर यांच्याशी तर मैत्रच जमलं. त्यांच्या धर्मविषयक हिबर्ट व्याख्यानांचा गुजराती अनुवाद मलबारींनी सहकाऱ्याच्या मदतीने केला, आणि ती इतर भारतीय भाषांत जावीत म्हणून पैसे गोळा करत हिंदुस्थानभर हिंडले.

पण कविता? राजघराण्याला वंदन, मान्यवरांना वंदन, थोडं आत्मचरित्र, थोडा सामाजिक संताप, आणि हे सगळं अठराव्या शतकातल्या इंग्रजी यमकी द्विपद्यांत. टेनिसन हयात असताना हा ढंग इंग्लंडात जुना झाला होता. हिंदू स्त्रीच्या आयुष्याच्या टप्प्यांवर यातही एक कविता आहे. मी ती आणि सकाळचं गुजराती गाणं शेजारी ठेवून पाहिलं. विषय एक, कवी एक, वय जवळजवळ तेच. इंग्रजीत मलबारी एखाद्या सभेपुढे मुलीची हकिकत सांगतात. गुजरातीत तीच बोलते. इंग्रजीत ते तिच्यासाठी न्याय मागतात, आणि न्याय मागायचा तर समोर न्यायाधीश हवाच. तो न्यायाधीश इंग्रज वाचक आहे, हे ओळीओळीला जाणवतं.

माझ्या मते मलबारींना स्वतःलाही ते कळलं असावं. त्यानंतर कविता त्यांनी गुजरातीत लिहिल्या. 'अनुभविका' १८९४ची, 'संसारिका' १८९८ची. इंग्रजी त्यांनी गद्याकडे वळवलं. १८८०मध्ये 'इंडियन स्पेक्टेटर' हे साप्ताहिक हाती घेतलं आणि वीस वर्षं चालवलं. १९०१पासून 'ईस्ट अँड वेस्ट' हे मासिक. त्यांनी गाणं एका भाषेकडे दिलं आणि तक्रारअर्ज दुसरीकडे. दोन भाषांत लिहिणाऱ्या कित्येकांची अशी वाटणी होते, फक्त ते कबूल करत नाहीत.

साडेतीन

चहा पिऊन आले आणि लेखाच्या मराठी भागाला हात घातला. इथली कागदपत्रं मला जास्त ओळखीची.

ऑगस्ट १८८४. बालविवाह आणि लादलेलं वैधव्य यांवर मलबारींची दोन इंग्रजी टिपणं. ती त्यांनी व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्यापासून देशातल्या नामवंतांपर्यंत सगळ्यांना पाठवली. सरकारने ती प्रांतोप्रांती फिरवून मतं मागवली. टिपणांतल्या सूचना आज वाचताना गंमत वाटते: विद्यापीठाने विवाहित विद्यार्थ्यांना परीक्षेला बसू देऊ नये, सरकारी नोकरीत अविवाहितांना पसंती द्यावी, शाळेच्या पुस्तकांत बालविवाहाच्या तोट्यांवर धडे घालावेत. मॅट्रिकला अडकून पडलेल्या माणसाला परीक्षेचा धाक किती मोठा असतो हे पक्कं ठाऊक होतं, असं मी लिहिलं, मग खोडलं, मग पुन्हा लिहिलं. राहू दे.

मराठी मुलखातून आलेल्या उत्तरांत माझ्यासाठी सगळ्यांत मोलाचं जोतीराव फुल्यांचं. तारीख ४ डिसेंबर १८८४. उत्तर इंग्रजीतच आहे. एकोणिसाच्या आतल्या मुलाचं आणि अकराच्या आतल्या मुलीचं लग्न होऊ देऊ नये, कुणी केलंच तर आईबापांवर कर बसवावा आणि तो पैसा शिक्षणाला लावावा, असं ते सुचवतात. मग वैधव्याच्या प्रश्नावर येतात आणि एकदम काशीबाईची हकिकत सांगतात: पुण्यातली तरुण ब्राह्मण विधवा, स्वयंपाकीण, दिवस गेलेले, जन्मलेलं मूल तिने मारून विहिरीत टाकलं, आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्यानंतर फुले दांपत्याने १८६३मध्ये आपल्या घरी अशा बायकांसाठी प्रसूतीची सोय केली.

हे पान मी पूर्वीही वाचलं होतं. आज सकाळच्या गरबीनंतर वाचलं तर वेगळं लागलं. सरकारी चौकशीला आलेली बाकीची उत्तरं शास्त्राधार, लोकमत, कायद्याची मर्यादा यांवर आहेत. फुले एका बाईचं नाव घेतात. मलबारींनी टिपणांत आकडे आणि उपाय मांडले होते, पण त्यांच्या मनात नऊ वर्षांपूर्वी जे होतं त्याला जुळणारं उत्तर पुण्याहून आलं ते हे एक. लेखात ती गरबी आणि हे उत्तर, हे दोन कागद एकमेकांसमोर ठेवायचे, एवढं आज नक्की ठरलं.

पुढचा घटनाक्रम संपादकांना हवा तसा थोडक्यात. १८८५मध्ये 'अ हिंदू लेडी' या सहीने 'टाइम्स ऑफ इंडिया'त पत्रं आली. लिहिणारी रखमाबाई, डॉ. सखाराम अर्जुन यांची सावत्र मुलगी, लहानपणी लग्न होऊन नवऱ्याकडे जायला नकार देणारी. नवऱ्याने दावा लावला होता. मार्च १८८७मध्ये हायकोर्टाने सांगितलं: नांदायला जा, नाही तर सहा महिने कैद. मलबारींनी 'स्पेक्टेटर'मधून तिची बाजू लढवली, बचाव समितीत धडपड केली. पुढे तडजोड झाली आणि रखमाबाई लंडनला डॉक्टरी शिकायला गेल्या. १८९०मध्ये कलकत्त्याला फुलमणी दासी ही अजाण मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीने मेली. त्याच वर्षी मलबारी इंग्लंडात होते, तिथे त्यांनी लोकमत उठवलं. १९ मार्च १८९१ रोजी संमतिवयाचा कायदा झाला, मुलीच्या संमतीच्या वयाची मर्यादा दहावरून बारा.

दहावरून बारा. एवढ्यासाठी पुण्यात सभा उधळल्या गेल्या. टिळकांचा विरोध होता तो परक्या सरकारने घरात शिरू नये म्हणून, हे खरंच. पण ज्या घरात शिरू नये त्या घरातली मुलगी काय म्हणते, हा प्रश्न 'केसरी'च्या त्या लेखांत मला सापडत नाही. रानडे, भांडारकर, तेलंग, आगरकर कायद्याच्या बाजूला होते. त्यांच्यातही मतभेद होतेच, पण दिवाळी अंकाच्या शब्दमर्यादेत ते मावणार नाहीत.

मलबारींवरचा राग मात्र मला समजतो. ते पारशी, कायदा लागणार मुख्यतः हिंदूंना, आणि दाद मागितली विलायतेत, इंग्रजी वाचकाच्या दारी. या माणसाने आमची लक्तरं वेशीवर टांगली, असं वाटणारच. ज्यांनी 'नीतिविनोद' वाचलं होतं त्यांना तो परका वाटला नसता. पण 'नीतिविनोद' गुजरातीत, ते पुण्यात वाचणार कोण?

साडेपाच

संपादकांचा फोन.

"ताई, कविता किती आहेत लेखात?"

"अर्ध्या लेखभर."

"वाचकांना रखमाबाई हव्यात हो. आणि टिळक."

"दोघंही येतात."

"कधी?"

"कवितेनंतर."

पलीकडून सुस्कारा आला. मग त्यांनी सेवासदनाबद्दल विचारलं. तेही सांगितलं: १९०८मध्ये मलबारींनी दयाराम गिडुमल यांच्या साथीने मुंबईत काढलं, अध्यक्ष रमाबाई रानडे, पुढच्या वर्षी पुण्याचं सेवासदन उभं राहिलं, तिथेही रमाबाई. म्हणजे कायद्याच्या वादात ज्या पुण्यात दोन तट पडले त्याच पुण्यात मलबारींच्या संस्थेची मराठी बहीण रुजली. "हे शेवटी घ्या, छान वाटेल," संपादक म्हणाले. छान वाटेल म्हणून मी काही शेवटी घेत नसते. मध्ये टाकेन.

सात

परतीची गाडी. उभी.

साडेआठ

शेजारच्या बा मूळच्या सुरतेच्या, वय ऐंशीच्या पुढे. त्यांच्याकडे वही घेऊन जायचं म्हणजे हातात काही तरी खाऊ येणारच. आज खांडवी होती. सकाळी उतरवून घेतलेलं विधवेचं गाणं मी वाचून दाखवायला घेतलं. दोन ओळींत त्यांनी हात वर केला.

"असं कवितेसारखं नको वाचू, दीकरा. हे वाचायचं नाय. गायचं."

"चाल कुठली, बा?"

"शब्दच सांगते ना चाल. तू ऐकत नाय."

त्यांनी गुडघ्यावर ताल धरला आणि मी दिलेले शब्द चालीत बसवले. एका जागी अडल्या. माझ्या वहीत दीर्घ होतं, त्यांनी ऱ्हस्व केलं, आणि ओळ सुटी झाली. पुस्तकात जे छापलंय तेच मी उतरवलं होतं, पण कवीच्या कानात काय असेल ते बांच्या गुडघ्याने सांगितलं.

"कोणी लिवलं हे?"

"एका पारशाने, बा. दीडशे वर्षं झाली."

"पारसी?" त्यांचा विश्वास बसेना. "भाषा तर आपल्या वाणियाच्या घरची हाय. आणि बाई लिवते असं वाटते."

टीकाकारांनी भरभरून लिहिलेलं कौतुक त्यांनी दोन वाक्यांत उरकलं. मी विचारलं, त्यांच्या लहानपणी असं गाणं कुणी गात असे का. त्या म्हणाल्या, त्यांच्या एका फोईला, म्हणजे आत्याला, नवरात्रात माजघरात बसवून ठेवत. ती आतून ताल धरायची. यापुढे त्यांनी काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. खांडवीचा डबा मात्र भरून दिला.

साडेदहा

बैठक संपवायच्या आधी टिपणं लावून ठेवते, नाहीतर उद्या सगळं पुन्हा शोधावं लागतं. मलबारींच्या शेवटच्या वर्षांवर अजून फार थोडं लिहिलंय: क्षयरोग्यांसाठी डोंगरी आरोग्यधाम काढण्याची धडपड, आणि जुलै १९१२मध्ये सिमल्याला मृत्यू. गुजराती कवितेने त्यांना काही काळ जपलं. खबरदार या दुसऱ्या पारशी कवीने १९१७मध्ये 'मलबारीनां काव्यरत्नो' नावाने निवड काढली. अर्देशर खबरदारही दोन्ही भाषांतले, पुढच्याच वर्षी त्यांचा इंग्रजी संग्रह निघाला. मलबारींचा इंग्रजी कवितासंग्रह मात्र आता वाङ्मयेतिहासाच्या एखाद्या परिच्छेदात उरलाय, आणि त्याबद्दल हळहळावं असं मला वाटत नाही. 'नीतिविनोद' कुणी वाचत नाही, याची हळहळ वाटते.

संपादकांना मेल लिहिली: लेख १८७५पासून सुरू होईल, गरबीपासून. फुल्यांचं उत्तर त्यानंतर. रखमाबाई आणि टिळक तिसऱ्या भागात. शीर्षकात 'पारशी' हा शब्द मला चालेल, पण त्याच्या आधी 'कवी' हवा. शब्द चारशेने वाढतील, मानधन तेवढंच राहिलं तरी हरकत नाही. बांनी सुधारलेली ओळ त्यांनी सुधारली तशीच छापायची, पुस्तकातला पाठ खाली टिपेत द्यायचा.